पहिली गाडी घेताय? आधी वही काढा!

इंदापूर-बारामती रोज अप-डाउन करून धंदा उभा करायचाय? मग शोरूमला जाण्याआधी हिशोब मांडा. जाऊन-येऊन साधारण 100 किलोमीटर, 26 दिवसांचे 2,600. लिटरला 65 देणाऱ्या गाडीला 40 लिटर लागतील, 40 देणारीला 65. पेट्रोल शंभर रुपये धरलं, तरी महिन्याला अडीच हजारांचा फरक. हे तुमच्या भांडवलातूनच जाणार, बरं का!

पण नुसतं ॲव्हरेज बघू नका. गळीत हंगामात भवानीनगरच्या आसपास उसाच्या ट्रॉल्या असतात, मागे लाल दिवा असेलच असं नाही. अंधारात परतायचं तर हेडलाइट आणि ब्रेक आधी. म्हणून मी म्हणेन, 125 सीसी घ्या, पण पुढे डिस्कवाली. आणि बुकिंगआधी ओळखीतल्या कुणाची तीच गाडी मागा, मागे माल बांधा आणि निमगाव केतकीपर्यंत चालवून या. पाठ काय म्हणते ते कळेल.