महानगरपालिकेचे अंदाजपत्रक आणि भुईगावची घरपट्टी

वसईच्या पश्चिम किनाऱ्यावरील भुईगाव हे वाड्यांचे गाव. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची अनेक गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, आणि ग्रामपंचायतीस घरपट्टी देणारा भुईगावकर महानगरपालिकेचा करदाता झाला. या परिसरातील पुष्कळ गावांनी समावेशास विरोध केला. २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचे ठरविले व तो वाद उच्च न्यायालयात गेला. विरोधाच्या कारणांत घरपट्टी वाढण्याचे भय हेही एक होते. ते कितपत सार्थ आहे, हे ठरविण्यासाठी अंदाजपत्रक व घरपट्टी यांचा संबंध तपासणे अवश्य आहे.

कुटुंब आधी मिळकत पाहते व मग खर्च ठरविते. नगरसंस्थेचा क्रम बहुधा याच्या उलट असतो. रस्ते, पाणी, सफाई, दिवाबत्ती व कर्मचाऱ्यांचे वेतन यांचा खर्च प्रथम मांडला जातो. त्यातून शासकीय अनुदाने व इतर उत्पन्न वजा केले जाते. उरलेला भार मुख्यतः मालमत्ता करावर पडतो. १ ऑगस्ट २०१५ पासून बहुसंख्य व्यापाऱ्यांचा स्थानिक संस्था कर रद्द झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला. त्याबद्दल मिळणारी भरपाई शासन ठरविते. म्हणून ज्याचा दर महानगरपालिका स्वतः ठरवू शकते, असे मोठे साधन आता मालमत्ता कर हेच होय.

१९४९ च्या महानगरपालिका अधिनियमान्वये आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात आणि पुढील वर्षाचे करदर सभागृहाने २० फेब्रुवारीपर्यंत निश्चित करावयाचे असतात. तथापि अंदाजपत्रकाने ठरतो तो केवळ दर. घरपट्टीचे दुसरे अंग म्हणजे करयोग्य मूल्य. घरास वर्षाकाठी जे भाडे येऊ शकेल, त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून हे मूल्य काढतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. घराचे वार्षिक भाडे १२,००० रुपये धरले, तर करयोग्य मूल्य १०,८०० रुपये होईल. सर्व करांचा एकत्रित दर ३० टक्के मानल्यास घरपट्टी ३,२४० रुपये येते. दर ३३ टक्के केला, तर ती ३,५६४ रुपये होईल. परंतु दर तोच ठेवून भाडे १५,००० रुपये धरले, तर ती ४,०५० रुपयांवर जाईल. पहिल्या प्रकारात वाढ ३२४ रुपयांची, दुसऱ्यात ८१० रुपयांची. सबब 'अंदाजपत्रकात करवाढ नाही' या घोषणेवरून आपले देयक वाढणार नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल.

भुईगावसारख्या गावात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. येथील जुने घर प्रशस्त असते, पण त्यात राहणाऱ्या कुटुंबाची मिळकत त्या प्रमाणात असतेच असे नाही. कर घराच्या संभाव्य भाड्यावर आकारला जातो, वाडीच्या उत्पन्नावर नव्हे. शेजारी इमारती उभ्या राहून भाडी चढली, की न विकलेल्या व भाड्याने न दिलेल्या घराचेही मूल्य वाढविण्यास आधार मिळतो.

यावरून करदात्याचे कर्तव्यही स्पष्ट होते. दराविषयी सभागृहात बोलण्याचे काम त्याच्या प्रतिनिधीचे. जून २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर कित्येक वर्षे कारभार प्रशासकाकडे होता, व त्या काळात ही वाट बंदच होती. मूल्याविषयी मात्र मालकास स्वतः बोलता येते. मूल्य वाढविल्याची नोटीस आली, की मुदतीत लेखी हरकत घ्यावी. निर्णय न पटल्यास न्यायाधीशाकडे अपील करण्याची तरतूद आहे. घरपट्टी देणे जितके आवश्यक, तितकेच ती कशी ठरली हे विचारणेही आवश्यक आहे. अंदाजपत्रकाच्या एका बाजूस आपला पैसा जमा होतो. दुसऱ्या बाजूस आपल्या गावाचा रस्ता व पाणी यांसाठी किती तरतूद झाली आहे, हेही प्रत्येक करदात्याने वाचून पाहावे.