पाय थांबले, ताल राहिला

नर्तकीच्या कारकिर्दीला शरीराची मर्यादा असते. अभिनेत्रीला मात्र तिचे वयही भांडवल म्हणून उपयोगी पडते. ड्रेस्डेनमध्ये मेरी विगमन यांच्या संस्थेत शिकलेल्या जोहरा सहगल (१९१२-२०१४) १९३५ मध्ये उदय शंकर यांच्या पथकात दाखल झाल्या. तिशी उलटल्यावर, १९४५ मध्ये, त्या दरमहा ४०० रुपयांवर मुंबईच्या पृथ्वी थिएटर्समध्ये आल्या आणि तब्बल १४ वर्षे तेथे रमल्या. उदय शंकर आणि पृथ्वीराज कपूर या दोघांनाही त्या गुरू मानत. नृत्य सुटले नव्हतेच. ‘बाजी’ची (१९५१) नृत्ये त्यांनी बसवली. ‘चीनी कम’ (२००७) प्रदर्शित झाला तेव्हा अमिताभ बच्चन यांच्या या पडद्यावरील आईचे वय ९५ होते. नजर केव्हा वळवायची, शब्द कोठे सोडायचा, याचा हिशेब त्या भूमिकेत नर्तकीचाच आहे.