घाटात गाडी ‘मिसिंग’ मारते तेव्हा

कल्याणहून माळशेजच्या वाटेला लागले की मुरबाड, सरळगाव, टोकावडे ही गावे मागे टाकत आपण वैशाखऱ्याला पोहोचतो. येथून पुढे मोरोशी ओलांडली की डोंगर अंगावर येऊ लागतो आणि चढाचा रस्ता सुरू होतो. शेजारच्याच नाणेघाटातून सातवाहनांच्या काळी कोकण किनाऱ्याचा माल ओझ्याच्या जनावरांवरून जुन्नरकडे जात असे. आज ते काम महामार्गावरच्या व्हॅन, टेंपो आणि जीपगाड्या करतात. या महामार्गाचा क्रमांक पूर्वी २२२ होता, आता ६१ आहे. आमच्या फिरतीत एक गोष्ट नेहमी दिसते. या पट्ट्यातील अनेक घरांतील तरुणांनी कर्ज काढून जुनी किंवा नवी गाडी घेतली आहे. पहाटे भाजी, दिवसा प्रवासी आणि रात्री-अपरात्री एखादी बाळंतीण अशी ती गाडी घर चालवते. ती दोन दिवस बंद राहिली तरी हप्ता काही थांबत नाही. म्हणून गाडीचे एक अगदी नेहमीचे दुखणे, ज्याला सर्व गॅरेजवाले ‘मिसिंग’ म्हणतात, ते कसे ओळखावे याविषयी आज लिहीत आहोत. गाडी चालवणाऱ्याने तर हे वाचावेच, पण घरातील हिशेब ठेवणाऱ्या भगिनींनीही वाचावे. गॅरेजचे बिल शेवटी त्यांच्याच डब्यातून जाते.

मिसिंग म्हणजे काय? इंजिनात तीन किंवा चार सिलिंडर असतात. प्रत्येकात पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण येते, दट्ट्या ते दाबतो, प्लगची ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि त्या जोराने चाक फिरते. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर चार सिलिंडर मिळून मिनिटाला १६०० वेळा पेटतात. यातला एखादा सिलिंडर पेटायचा चुकला की इंजिन अडखळते, गाडी थरथरते आणि सायलेन्सरमधून ‘फट् फट्’ असा तुटक आवाज येतो. चारपैकी एक सिलिंडर पूर्ण मेला तर चौथा हिस्सा जोर जातोच, शिवाय त्या मेलेल्या सिलिंडरचा दट्ट्या बाकीच्या तिघांना ओढावा लागतो. जुन्या मारुती ८०० ला तीनच सिलिंडर. तिचा एक गेला की चढाला गाडी जवळजवळ उभीच राहते.

पेटण्यासाठी तीनच गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात इंधन व हवा, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी जोरदार ठिणगी. यातली कोणती कमी पडली हे शोधणे म्हणजेच दुखण्याचे निदान. पण आपल्याकडे होते असे की बॉनेट उघडताच ‘इंजेक्टर बदला’, ‘पंप बदला’, ‘हेड खोलावे लागेल’ अशी यादी सुरू होते. एकेक भाग बदलत जाणे हे निदान नव्हे. तो गिऱ्हाईकाच्या पैशाने खेळलेला मटका आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिली तपासणी कोणत्याही हत्याराशिवाय होते, आणि ती गाडीच्या मालकानेच करायची असते. गाडी केव्हा अडखळते ते नीट लक्षात ठेवावे. उभी असताना थरथरते पण वेग दिला की सुधारते, तर कोठूनतरी जादा हवा आत शिरत असण्याचा संशय घ्यावा. एखादी रबरी नळी तडकलेली किंवा निघालेली असते. उलट उभी असताना ठीक पण भरल्या गाडीने चढ चढताना झटके देते, तर आधी ठिणगीकडे आणि मग इंधनाच्या पुरवठ्याकडे पाहावे. चढाला सिलिंडरमधला दाब वाढतो आणि दाब वाढला की ठिणगीला उडी मारणे अवघड जाते. सपाटीवर कसाबसा चालणारा कमजोर प्लग घाटात उघडा पडतो तो यामुळेच. इंजिन तापल्यावरच त्रास होतो, तर कॉइलवर नजर ठेवावी. आणि फक्त पावसात होतो, तर ओलाव्यामुळे करंट भलतीकडे पळत असतो. माळशेजच्या पायथ्याचा पाऊस आणि धुके ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आमच्या परिचयातील एका तरुणाची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. त्याची चार सिलिंडरची व्हॅन, पेट्रोल व सीएनजी दोन्हीवर चालणारी. भाजीच्या पाट्या भरून निघाला की गाडी झटके देई, आणि तेही गॅसवर असतानाच. पेट्रोलवर टाकली की जवळजवळ नीट चाले. एका गॅरेजमध्ये त्याला गॅसचे किट बदलण्याचा सल्ला मिळाला, दुसऱ्याने हेड खोलण्याचा खर्च सांगितला. दोन्ही आकडे त्याच्या दोन-तीन महिन्यांच्या हप्त्यांएवढे होते. घरी आईने गळ्यातले मोडायची तयारी केली. सुदैवाने एका समजूतदार मेकॅनिकने आधी स्कॅनर लावला. त्यात तिसऱ्या सिलिंडरचा कोड आला. मग त्याने इंजिन बंद करून तिसऱ्या व पहिल्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल केली, कोड पुसला आणि गाडी पुन्हा चढावर नेली. कोड तिसऱ्याचाच राहिला, म्हणजे कॉइल निर्दोष. मग दोन प्लगांची अदलाबदल केली. आता कोड पहिल्या सिलिंडरचा आला! दोष प्लगबरोबर चालत गेला होता. उजेडात धरून पाहिले तर प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीला केसाएवढी चीर. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त दाबाचा करंट लागतो, आणि तो वाढला की चिरेतून बाहेर पळत होता. चारही प्लग नवे घातले तरी खर्च हजाराच्या आसपासच आला. किट गेले नव्हते, हेडही गेले नव्हते.

ही अदलाबदलीची युक्ती फार मोलाची आहे. संशयित भाग शेजारच्या सिलिंडरला लावायचा आणि दोष त्याच्या मागे जातो का ते पाहायचे. एका वेळी एकच भाग हलवायचा, नाही तर काहीच कळत नाही.

स्कॅनरविषयीही थोडे सांगितले पाहिजे. स्वतःतील बिघाडाची नोंद ठेवणारी यंत्रणा आपल्या देशातील नव्या मोटारींना २०१० नंतर टप्प्याटप्प्याने आली. इंजिनाचा मुख्य दांडा फिरताना कोठे क्षणभर मंदावला हे संगणक मोजतो आणि त्यावरून कोणता सिलिंडर चुकला ते ओळखतो. कोड पी ०३०१ आला तर पहिला सिलिंडर, पी ०३०२ तर दुसरा, याप्रमाणे पुढे. पी ०३०० म्हणजे चुका एकाच ठिकाणी नाहीत, इकडे-तिकडे होत आहेत. अशा वेळी एका प्लगला धरून बसू नये. इंधनाचा दाब, हवेची गळती, खराब पेट्रोल अशा सगळ्यांना सामाईक असलेल्या गोष्टी पाहाव्यात. पण कोड फक्त घर दाखवतो, घरातला चोर दाखवत नाही. ‘कोड तिसऱ्याचा आला, म्हणून कॉइल बदलली’ असे कोणी म्हणाले तर अदलाबदल करून पाहिली होती का, असे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

ज्या गाड्यांना संगणक नव्हता त्यांचे काय? कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या पद्मिनीवर आपल्या किती घरांनी पोट भरले! मुंबईच्या रस्त्यावरून ती टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात कायमची गेली. तिचे चालक पावसात डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून सुक्या फडक्याने पुसत आणि पुढचे भाडे घेत. चालू इंजिनावर एकेका प्लगची वायर उपसून पाहण्याचीही त्यांना सवय होती; जी वायर काढल्यावर इंजिनात काहीच फरक पडत नाही, तोच सिलिंडर मेलेला. तर्क बिनचूक आहे, पण आजच्या गाडीवर हे करू नये. त्या वायरीत वीस हजार व्होल्टपेक्षा जास्त दाब असू शकतो, माणसाला झटका बसतो आणि कॉइलही जळते. गॅसच्या नळ्यांना तर घरी हातच लावू नये. टाकीतला दाब २०० बारपर्यंत असतो.

काढलेला प्लग बरेच काही बोलतो. टोक फिकट तपकिरी असेल तर सर्व ठीक. कोरड्या काजळीने काळे असेल तर पेट्रोल जादा किंवा हवेची जाळी तुंबलेली. पेट्रोलने ओले म्हणजे ठिणगीच पडत नाही. तेलकट असेल तर आतून ऑईल चढते आहे. पांढरेफटक असेल तर सिलिंडर जादा तापतो आहे.

प्लग, कॉइल, इंधन सगळे ठीक निघाले तरच दाबाकडे, म्हणजे कॉम्प्रेशनकडे वळावे. त्याचे मीटर प्लगच्या जागी लावतात. एका सिलिंडरचा आकडा बराच खाली आला तर त्यात चमचाभर ऑईल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वर चढला तर दट्ट्याच्या रिंगा झिजल्या, तसाच राहिला तर व्हॉल्व्हची गडबड. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी निघाले तर मधले हेड गॅस्केट गेले असण्याची शक्यता मोठी. हेड खोलण्याचा विषय येथे येतो, त्याआधी नाही.

एक धोका मात्र चालकाने स्वतः ओळखला पाहिजे. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर सावकाश गॅरेज गाठता येते. तोच दिवा लुकलुकू लागला तर न जळलेले इंधन सायलेन्सरच्या वाटेवरील शुद्धीकरण पेटीत जाऊन तिथे जळत असते. पेटी लाल होते, निकामी होते, आणि ती प्लगच्या कित्येक पटीने महाग असते. अशा वेळी चढ चढण्याचा हट्ट न करता गाडी बाजूला घ्यावी, पण वाळलेल्या गवतावर उभी करू नये. रुग्ण गाडीत असेल तर १०८ क्रमांकाला फोन करून दुसऱ्या वाहनाची सोय पाहावी.

उंदरांचेही नाव घ्यायला हवे. भाताच्या पेंढ्याजवळ रात्रभर उभ्या गाडीच्या बॉनेटखाली ते हमखास शिरतात आणि वायरी कुरतडतात. कोणताही भाग विकत आणण्यापूर्वी बॅटरी घेऊन एकदा सगळ्या वायरींवरून नजर फिरवावी.

गॅरेजला जाताना कागदावर चार ओळी लिहून न्याव्यात: गाडी केव्हा अडखळते, गॅसवर की पेट्रोलवर, प्लग शेवटचे कधी बदलले, दिवा स्थिर की लुकलुकता. कोड आला तर तो पुसण्यापूर्वी लिहून घ्यावा. आणि जो भाग बदलला, तो जुना भाग मागून घरी आणावा.