रिमोटचं हेलिकॉप्टर घेण्याआधी

लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांना घडवणारी संस्था २००३ पासून नाशिकच्या गांधीनगरात आहे. छोट्या मॉडेलवरही पहिला धडा तोच असतो : हवेत एका जागी स्थिर राहणं.

सुरुवात एकावर एक उलट फिरणारे दोन पंखे असलेल्या चार चॅनेलच्या मॉडेलने करा. ते स्वतःहून बरंच सावरतं. पात्यांचा कोन बदलणारं सहा चॅनेलचं मॉडेल उलटंही उडतं, पण नवख्याच्या हातात ते पहिल्याच दिवशी पाती मोडून घेतं. त्याआधी संगणकावरच्या सिम्युलेटरवर हात बसवावा, हे उत्तम. शेपूट आपल्याकडे ठेवून शिका. नाक आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि बहुतेक अपघात तिथेच होतात.

रिमोट आधी चालू करायचा, बंद मात्र सर्वांत शेवटी. लिथियम-पॉलिमर बॅटरीचा सेल ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरूच नये.

ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र ‘नॅनो’ गटात येतं, २ किलोपर्यंतचं ‘मायक्रो’त. नॅनोला आणि निव्वळ हौसेच्या मायक्रोला वैमानिक परवाना लागत नाही. मात्र ओझर विमानतळ, देवळालीचं तोफखाना केंद्र आणि गांधीनगर यांमुळे नाशिकचं आकाश सगळीकडे मोकळं नाही. मैदान कितीही रिकामं दिसो, ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा पाहिल्याशिवाय उड्डाण करू नका.