हॅम्प्सनचं वेटोळं

ऑगस्ट 2010मध्ये इंदूरच्या 'कॅट'मध्ये, म्हणजे राजा रामण्णा प्रगत प्रौद्योगिकी केंद्रात, घरच्या घरी बांधलेल्या यंत्रातून द्रवरूप हेलियम मिळाला. वेग होता तासाला सुमारे 6 लिटर. शहराला याची फारशी वार्ता नव्हती. कॅट रोडवरून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना ती असेल, शंकाच आहे. मला मात्र त्या यंत्राच्या पोटातल्या एका भागानं कायमचं धरून ठेवलं. तो भाग म्हणजे बारीक पात्यांच्या, म्हणजे फिनच्या, तांब्याच्या नळ्यांचं थरावर थर चढवलेलं वेटोळं. कमीत कमी जागेत जास्तीत जास्त उष्णता एका वायूकडून दुसऱ्याकडे देण्याची ही जुनी आणि अजूनही न हरलेली युक्ती आहे. तिचा माग काढत गेलं की वाट माहुलच्या रिफायनरीत जाते, कतारच्या वाळवंटात जाते, विजयदुर्गाच्या तटावर जाते. शेवटी ती लंडनमधल्या एका माणसापाशी थांबते. तो शिक्षणानं ना शास्त्रज्ञ होता, ना इंजिनिअर.

आधी जागेचा प्रश्न. भारत पेट्रोलियमची पाइपलाइन मुंबईच्या माहुलहून मनमाडमार्गे इंदूरजवळ मांगल्याला येते आणि पुढे दिल्लीकडे जाते. जिथून ती निघते त्या माहुलला स्टॅनव्हॅकची रिफायनरी 1954मध्ये सुरू झाली आणि बर्मा-शेलची 1955मध्ये. आज त्या अनुक्रमे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या आहेत. बांधल्या तेव्हा आजूबाजूला मोकळं रान होतं. आता एकीकडे खाडी, एकीकडे ट्रॉम्बेची टेकडी, शेजारी खताचा कारखाना आणि वीजकेंद्र, पाठीशी चेंबूरची दाट वस्ती. इंधनाचे निकष कडक होत गेले तशी नवी युनिटं आली, जमीन मात्र तेवढीच राहिली.

अशा ठिकाणी शेल-अँड-ट्यूब एक्स्चेंजर, म्हणजे मोठ्या नळकांड्यात नळ्यांचं बंडल बसवून उष्णतेची देवघेव करणारं यंत्र, फार जागा खातो. कच्चं तेल भट्टीत जाण्याआधी तयार मालाच्याच उष्णतेवर अडीचशे अंशांच्या पुढे तापवलं जातं. भट्टी त्याला साडेतीनशेच्या वर नेते. त्या आधीच्या तापवण्यासाठी एक्स्चेंजरांची रांगच लागते. प्रत्येकाच्या आतलं नळ्यांचं बंडल साफसफाईसाठी ओढून बाहेर काढावं लागतं, म्हणून त्याच्यासमोर त्याच्याच लांबीची जागा कायम मोकळी ठेवायची. यंत्र जितकं लांब, तितकीच रिकामी जमीन पुढे. तरीही हा प्रकार टिकला, कारण क्रूड घाण करतं. त्यातलं डांबरी द्रव्य नळ्यांना चिकटतं आणि अरुंद वाटा बुजतात. बारीक वाटांचा एक्स्चेंजर थोडक्या जागेत कितीही पृष्ठभाग देवो, जिथे सळई घालून घासता येत नाही तिथे क्रूड सोडायला कुणी सहजी धजत नाही.

म्हणून रिफायनरीत दाटीवाटीचे एक्स्चेंजर शिरले ते स्वच्छ प्रवाहांच्या वाटेनं. कॅटॅलिटिक रिफॉर्मरमध्ये आत जाणारा माल बाहेर येणाऱ्या मालावर तापवायला पूर्वी उंच मनोऱ्यासारखे शेल-अँड-ट्यूब उभे करत. फ्रान्सच्या पॅकिनॉक्सनं त्यांच्या जागी एकाच शेलमध्ये वेल्ड केलेल्या पातळ पत्र्यांची मोठी चळत बसवली. हे पत्रे पाण्याखाली स्फोट घडवून साच्यात दाबलेले असतात. पत्र्यांची ही कल्पना मुळात दुधाच्या धंद्यातून आली. 1923मध्ये रिचर्ड सेलिग्मननं दूध पाश्चराइझ करण्यासाठी प्लेट एक्स्चेंजर काढला. पाठ्यपुस्तकं वायूच्या बाजूनं एका घनमीटरमध्ये 700 चौरस मीटरहून अधिक पृष्ठभाग मावला तर एक्स्चेंजरला 'कॉम्पॅक्ट' म्हणतात. त्या जगाबद्दल लिहिण्यासारखं खूप आहे, पण माझं मन वेटोळ्यातच अडकलेलं आहे.

त्याचा कर्ता विल्यम हॅम्प्सन. ऑक्सफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात ग्रीक-लॅटिन शिकून पुढे बॅरिस्टर होण्यासाठी तो इनर टेंपलमध्ये दाखल झाला. विज्ञान तो आपलं आपण शिकला. 23 मे 1895 रोजी त्यानं वायू टप्प्याटप्प्यानं थंड करत नेण्याच्या पद्धतीचं पेटंट मागितलं. म्युनिकचे कार्ल फॉन लिंडे त्याच महिन्यात हवेचा द्रव करत होते. त्यांचा अर्ज आला 5 जूनला. एका बाजूला शीतयंत्रांची भरभराटीची कंपनी उभारलेला नामांकित प्राध्यापक, दुसऱ्या बाजूला कुणाला माहीतही नसलेला एक हौशी माणूस, आणि तारखेनं पुढे हौशी माणूस.

तत्त्व दोघांचं एकच. दाबलेली हवा झडपेतून सोडली की दर वातावरणाच्या दाबामागे साधारण पाव अंशानं थंड होते. दोनशे वातावरणांचा दाब उतरवला तरी पन्नासेक अंशच, आणि द्रव व्हायला तर उणे दोनशेच्या जवळ जायचं असतं. म्हणून ती गार झालेली हवा माघारी नेऊन, येणाऱ्या हवेला तिच्यावर थंड करायचं. येणारी हवा झडपेशी पोचते तेव्हा आधीपेक्षा गार असते, सुटल्यावर आणखी गार होते, आणि हे चक्र द्रव पडेपर्यंत चालतं. माघारी जाण्याची ही कल्पना विल्यम सीमेन्सनं 1857मध्येच मांडली होती. खरी अडचण पुढे होती. देवघेव जवळजवळ पूर्ण व्हायला हवी. नायट्रोजनच्या अशा साध्या यंत्रात एक्स्चेंजरची कार्यक्षमता सुमारे पंच्याऐंशी टक्क्यांच्या खाली गेली तर एक थेंबही मिळत नाही.

लिंडेंनी नळीत नळी घातली आणि अशा जोडनळीचं लांबलचक वेटोळं केलं. हॅम्प्सननं बाहेरची नळी काढूनच टाकली. भोवऱ्याला जाळी गुंडाळतात तशी त्यानं बारीक तांब्याची नळी मधल्या गाभ्याभोवती घट्ट थराथरानं गुंडाळली आणि सगळं एका डब्यात बसवलं. दाबाची हवा नळीतून खाली येते, तळाशी झडपेतून सुटते आणि थरांमधल्या फटींतून नळ्यांना आडवी घासत वर जाते. परतीच्या वाटेला वेगळी नळी लागत नाही, नळ्यांमधली मोकळी जागा हीच वाट. धातू कमी, म्हणून यंत्र लवकर थंडावतं. डबा लहान, म्हणून बाहेरची उष्णता आत शिरायला पृष्ठभाग कमी. जागा वाचवणं इथे सोयीसाठी नव्हतं, त्याशिवाय यंत्र चाललंच नसतं. माझ्या मते हॅम्प्सनची खरी बुद्धिमत्ता या एका निर्णयात आहे, आणि तिचं श्रेय त्याला आजही पुरतं मिळालेलं नाही.

श्रेयाचं भांडण लगेच पेटलं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनचे सर्वेसर्वा जेम्स ड्युअर यांनी 10 मे 1898 रोजी हायड्रोजनचा द्रव केला. त्यांच्या यंत्रातही तसलंच वेटोळं होतं. हॅम्प्सनचा दावा असा की 1894च्या अखेरीस त्यानं ही कल्पना ड्युअर यांचे सहायक रॉबर्ट लेनॉक्स यांच्यापुढे मांडली होती. ड्युअर यांनी तो झटकून टाकला. 1898मध्ये 'नेचर' या साप्ताहिकाच्या पानांवर पत्रांना पत्रं सुटत राहिली.

या भांडणाला आपल्या कोकणाचाही एक धागा आहे, आणि तो मला हाती लागला तेव्हा मी हरखले. 'नेचर'चे संस्थापक-संपादक नॉर्मन लॉकयर, ज्यांनी सूर्याच्या वर्णपटातल्या पिवळ्या रेषेतून हेलियम ओळखला, ते त्याच 1898च्या जानेवारीत विजयदुर्गावर होते. 22 जानेवारीच्या खग्रास सूर्यग्रहणासाठी 'मेल्पोमीन' या युद्धनौकेच्या खलाशांच्या मदतीनं त्यांनी तिथे दुर्बिणी मांडल्या होत्या. विजयदुर्गावर हेलियमचा शोध लागला असं आपल्याकडे अभिमानानं सांगतात आणि 18 ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. पण 18 ऑगस्ट 1868चं ग्रहण पाहिलं ते गुंटूरला फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी. लॉकयर यांनी ती रेषा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गाचा मान कमी होऊ नये असं वाटणाऱ्यांपैकी मीही आहे, आणि म्हणूनच 1898ची खरी गोष्ट सांगावीशी वाटते. तीस वर्षांनी हेलियमचा शोधकर्ता स्वतः आपल्या किल्ल्यावर आला, आणि परत गेल्यावर काही महिन्यांतच त्याच्या साप्ताहिकात हा वाद रंगला. पुढे हेलियमचा द्रव होण्याची वाट याच वेटोळ्यातून जाणार होती.

ड्युअर यांचे प्रतिस्पर्धी विल्यम रॅम्से यांनी मात्र हॅम्प्सनला जवळ केलं. हॅम्प्सननं मे 1898मध्ये त्यांना द्रवरूप हवा दिली. ती हळूहळू उडू देऊन रॅम्से आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी मेअखेरीस क्रिप्टॉन, जूनमध्ये निऑन आणि जुलैमध्ये झेनॉन शोधला. रॅम्से यांना 1904चं नोबेल मिळालं. त्यांच्याशी फाटल्यामुळे ड्युअर यांच्याकडे पुरेसा शुद्ध हेलियम कधी जमलाच नाही. 10 जुलै 1908 रोजी हेलियमचा पहिला द्रव लायडनमध्ये कामरलिंग ऑनेस यांनी केला. अहंकारापायी एक देश मागे राहिला, यापेक्षा सौम्य शब्द मला सुचत नाहीत.

हॅम्प्सनकडे पुढे कुणाचं लक्ष राहिलं नाही. त्यानं वैद्यकीची परवानगी मिळवली, क्ष-किरणांवर आणि विजेच्या उपचारांवर काम केलं, विजेच्या झटक्यांनी हृदयाचे ठोके ताब्यात आणण्याचं एक उपकरणही काढलं. रेडियमवर सामान्य वाचकांसाठी पुस्तक लिहिलं. 1926च्या पहिल्याच दिवशी तो गेला. त्याचं पेटंट वापरणारी ब्रिन्स ऑक्सिजन कंपनी 1906मध्ये ब्रिटिश ऑक्सिजन झाली आणि 2006मध्ये ती विकत घेतली लिंडे कंपनीनं. म्हणजे एकशे अकरा वर्षांनी तेरा दिवसांचा तो फरक एकाच मालकाच्या वहीत जमा झाला.

आज लिंडे कंपनी मोठमोठे वेटोळ्यांचे एक्स्चेंजर बनवते, अमेरिकेची एअर प्रॉडक्ट्सही 2024पर्यंत बनवत होती. त्यांची मांडणी नळीत नळीची नाही, हॅम्प्सनची आहे. नैसर्गिक वायू उणे 162 अंशांना नेऊन सहाशेपट आटवायचा तर असं पन्नासेक मीटर उंचीचं वेटोळं लागतं. ॲल्युमिनियमच्या हजारो नळ्या एका प्रचंड गाभ्याभोवती थराथरानं चढवलेल्या. कतारच्या रास लफानमध्ये असली वेटोळी चालतात. तिथला द्रव 2004पासून दहेजला उतरतो, पुन्हा वायू होऊन देशाच्या जाळ्यात शिरतो आणि देशी वायूबरोबर मध्य प्रदेशाकडेही येतो. इंदूरच्या गाड्यांना आणि शेगड्यांना वायू पुरवणाऱ्या अवंतिका गॅसमागे गेल आणि हिंदुस्तान पेट्रोलियम आहेत.

'कॅट'मधलं वेटोळं याच कुळातलं, फक्त आकारानं छोटं आणि मागणीनं जास्त कडक. खोलीच्या तापमानाचा हेलियम झडपेतून सोडला तर गार होत नाही, उलट किंचित तापतो. म्हणून अमेरिकेच्या सॅम्युअल कॉलिन्स यांनी 1940च्या दशकात दाखवलेल्या रीतीनं त्याच्याकडून आधी दट्ट्याच्या इंजिनात काम करून घ्यायचं, मग एक्स्चेंजरांच्या मालिकेतून उणे 269 अंशांपर्यंत उतरवायचं. इंदूरकरांनी दट्ट्याची इंजिनं आणि दाट फिनच्या तांब्याच्या नळ्यांचे एक्स्चेंजर, दोन्ही स्वतः घडवली. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं दुसरी वाट धरली, वेगवान टर्बाइन आणि प्लेट-फिन, म्हणजे सपाट पत्र्यांमध्ये फिन बसवलेल्या, एक्स्चेंजरची. दोन्ही वाटा हव्यात. तरी माझा कल इंदूरकडे आहे, कारण वेटोळ्याचा सगळा गुण गुंडाळणाऱ्याच्या हातात असतो. दोन थरांमधली फट एके ठिकाणी सैल राहिली की परतीचा वायू तिथूनच पळतो आणि बाकीचा पृष्ठभाग फुकट जातो. हे मोजमाप कागदावर लिहिता येतं, तो हात कागदावरून येत नाही.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. ट्रॉम्बेच्या टेकडीच्या एका अंगाला प्लेट-फिन जाणणारी माणसं बसतात, दुसऱ्या अंगाला जागेसाठी गुदमरलेल्या माहुलच्या रिफायनऱ्या आहेत, आणि माहुलच्या नळाच्या वाटेवर इंदूरला वेटोळं गुंडाळणारे हात आहेत. क्रूडसाठी वेटोळं नको, ते बुजेल. पण हायड्रोजन आहे, रिफायनरीतले स्वच्छ वायू आहेत, द्रवरूप नैसर्गिक वायू आहे. तिथे हे ज्ञान कामाला लागलं पाहिजे, आणि त्यासाठी या लोकांनी एका टेबलाभोवती बसलं पाहिजे. अहवालांत वैज्ञानिकांच्या नावाशेजारी नळी गुंडाळणाऱ्या, ब्रेझिंग करणाऱ्या, गळती शोधणाऱ्या तंत्रज्ञांची नावंही तारखेसकट लिहिली पाहिजेत. हॅम्प्सनकडे पेटंटची तारीख होती, म्हणून सव्वाशे वर्षांनी का होईना त्याची बाजू मांडता येते. आपल्या कारागिरांकडे ती असलीच पाहिजे.