खिरापत ओळखा, रक्त वाढवा

आश्विन महिना आला की आमच्या कसबा पेठेत भोंडल्याची तयारी सुरू होते. पाटावर हत्ती, भोवती मुलींचा फेर आणि शेवटी खिरापत. डबा खुळखुळवायचा, ‘गोड की तिखट?’ असे विचारत नाव ओळखायचे. मगच झाकण उघडायचे. अलीकडे शाळांतूनही भोंडला होतो.

‘मुलांना चांगले खायला शिकवायचे कसे?’ असे पालक मला नेहमी विचारतात. मी त्यांना हाच खेळ सुचवतो. उपदेश मुले या कानाने ऐकतात, त्या कानाने सोडतात. खिरापत ओळखताना मात्र कान, नाक आणि डोके कामाला लागते आणि शेवटी पदार्थ पोटात जातो. हे शेवटचे महत्त्वाचे. नवी चव पहिल्याच घासाला आवडत नाही. आठ-दहा वेळा थोडी थोडी चाखली की बहुधा अंगवळणी पडते.

याची गरज किती आहे पाहा. २०१६-१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वर्षांच्या शंभर मुलींपैकी सुमारे ४० जणींना रक्तक्षय, म्हणजे ॲनिमिया, आढळला. मुलग्यांत हे प्रमाण १८ होते. पाळी सुरू झाल्यावर मुलींची लोहाची गरज वाढते. लोह कमी पडले की दम लागतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. घरचे म्हणतात, ‘आळशी झाली आहे!’

म्हणून डब्यात वेफर्सऐवजी अळिवाचे लाडू, तिळाची वडी, मटकीची उसळ किंवा मेथीचे मुटके ठेवा. ओळखणाऱ्यांनी सरळ नाव न घेता प्रश्न विचारावेत: कडधान्य आहे का? मोड आणले आहेत का? पालेभाजी आहे का? नाव ओळखले की पुढचा प्रश्न, ‘यावर काय पिळायचे?’ उत्तर लिंबू! लिंबातील ‘क’ जीवनसत्त्वामुळे अन्नातील लोह अंगी लागते. जेवणाबरोबर घेतलेला चहा मात्र ते अडवतो.

मुलग्यांनाही फेरात घ्या. भोंडला वर्षातून एकदाच येतो. पण डबा ओळखण्याचा खेळ शाळेच्या मधल्या सुट्टीत दर शनिवारी खेळता येईल.

एक इशारा. मुलगी फिकट दिसत असेल, जिना चढताना धापा टाकत असेल, तर खेळावर विसंबू नका. हिमोग्लोबिन तपासून घ्या. बारा वर्षांपुढील मुलीत ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध हवेच. आहार त्याच्या जोडीला.