मोबाईल आणि कुदळ : तीन दिवसांच्या शिक्षण वर्गाविषयी थोडेसे



शेतीतील डिजिटल तंत्राचा तीन दिवसांचा शिक्षण वर्ग आपल्या शेती विभागातर्फे घेण्यात येत आहे. गट ऑफिसात बऱ्याच जणांनी विचारले, "साहेब, आभाळातल्या उपग्रहाला आमच्या उसातलं काय कळणार?" प्रश्न रास्त आहे. म्हणून वर्गात काय शिकवणार आणि त्याचा उपयोग कुठपर्यंत, याचा खुलासा करीत आहे.

पहिला दिवस मोजणीचा. मोबाईल हातात घेऊन बांधाने फिरायचे, कोपरे नोंदायचे. प्लॉटचे क्षेत्र समजते. आपण ज्याला "एकराचा तुकडा" म्हणतो तो पुष्कळदा 36 गुंठेच भरतो. त्यात 45 टन ऊस निघाला, तर एकरी उत्पादन 45 नव्हे, 50 टन झाले. क्षेत्र चुकले की खताचा डोस, ऊस नोंद आणि तोडणीचा अंदाज, सारेच चुकते. मात्र मोबाईलची मोजणी काही मीटर इकडेतिकडे होते. बांधाचा वाद तिच्यावर मिटवू नये. त्यासाठी सरकारी मोजणीच पाहिजे.

दुसरा दिवस उपग्रहाच्या नकाशाचा. युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहांपैकी पहिला 2015 साली सोडला गेला. त्यांची चित्रे विनामूल्य मिळतात आणि साधारण दर पाच दिवसांनी नवे चित्र येते. त्यातला एक चौकोन 10 मीटर लांब व 10 मीटर रुंद, म्हणजे जवळपास एक गुंठा. निरोगी हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश परत फेकते. या दोन्हींच्या तुलनेवरून पिकाचा जोम रंगात दाखवतात. पावसाळ्यात ढग आले की चित्र मिळत नाही. ऊस दाट झाकला की रंगातला फरकही कमी होतो.

येथे माझीच एक चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका खोडव्यात पिवळा पट्टा दिसला. नत्र कमी पडले असे समजून मी युरिया टाकायला सांगितले. पंधरा दिवसांनी गेलो तर बेट धरून ओढताच हातात आले. खाली हुमणी! मुळ्या खाल्लेल्या उसाला युरिया काय करणार? सभासदाचे पैसे गेले आणि उपायाचे दिवसही गेले. त्या दिवशी मी बांधावरूनच सल्ला दिला होता. आत जाऊन उकरले नव्हते. उपग्रह तर बांधापेक्षा किती लांब! पट्टा पिवळा का, हे त्याला कळत नाही. हुमणी असेल, पाणी साचले असेल, लोहाची कमतरता असेल. नकाशा जागा दाखवतो, कारण कुदळीनेच शोधावे लागते. सबंध वर्गातून एवढी एक गोष्ट घरी नेली तरी पुष्कळ झाले.

तिसरा दिवस ओलावा मापकाचा. पाळी आली म्हणून पाणी सोडायचे, ही आपली जुनी सवय. जादा पाण्याने कृष्णाकाठच्या चांगल्या काळ्या जमिनी क्षारपड झाल्या, हे आपल्यासमोर आहे. मापक मुळ्यांच्या थरात बसवला तर वर माती सुकली असता खाली ओल आहे का, ते समजते. पण तो सखल, पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात बसवला तर सबंध रान ओले असल्याचे सांगेल आणि चढाचा ऊस वाळेल. म्हणून जागा कशी निवडायची, ते प्रत्यक्ष रानात दाखवले जाईल.

वर्गाला येताना सात-बाराचा उतारा, लागणीची तारीख, उसाची जात आणि गेल्या हंगामातील पाण्या-खताच्या नोंदी आणाव्यात. नोंदी नसतील तर आजपासून वहीत लिहायला लागा. नोंदीवाचून यंत्राच्या आकड्याला अर्थ नाही. यंत्र विकत घेण्याची घाई करू नये. आधी शिकावे, शेजारच्या प्लॉटवर पाहावे, मग पैसे घालावेत.

वडीलधाऱ्यांना मोबाईलची अडचण वाटत असेल तर मुलाला, मुलीला किंवा सूनबाईंना बरोबर आणावे. बोट त्यांचे चालेल, रानाची पारख तुमची. नावे गट ऑफिसात किंवा आपल्या चिटबॉयकडे द्यावीत आणि वर्गाचा लाभ घ्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी